रसायनशास्त्राची पातळी

अकरा विभागांच्या अकरा फायली जयमाला तांबेबाईंच्या टेबलावर येऊन पडल्या, तेव्हा बाहेरचे परीक्षक यायला नऊ दिवस उरले होते. रेवदंड्याहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळीच्या आड हे कॉलेज. बाई तिथे बावीस वर्षं मराठी शिकवत होत्या आणि गेली तीन वर्षं गुणवत्ता कक्षाच्या समन्वयक होत्या. हे पद कुणालाच नको असतं, म्हणून ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं.

काम दिसायला सोपं. आमच्या विद्यार्थ्याला अमुक पाच गोष्टी येतील, असं प्रत्येक विभागाने वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्यायचं. मग चाचणी घ्यायची आणि त्या गोष्टी किती जणांना खरंच आल्या ते पातळीत सांगायचं. बहुतेकांना आल्या तर पातळी तीन, निम्म्यांना आल्या तर दोन, थोड्यांना आल्या तर एक, नाहीतर शून्य. पाचांची सरासरी काढली की विभागाची पातळी निघते. कल्पना वाईट नव्हती. मास्तरांनी वर्षातून एकदा तरी स्वतःला विचारावं, बाबा रे, पोरांच्या डोक्यात काही शिरलं का, एवढंच ती काढणाऱ्याच्या मनात असणार.

पण कागदी घोडे नाचवायला मास्तरांना कुणी शिकवावं लागत नाही. वाणिज्य, दोन पूर्णांक आठ. भूगोल, दोन पूर्णांक सहा. इतिहास, पुन्हा दोन पूर्णांक आठ. इतिहासाच्या फायलीत पाचव्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'विद्यार्थी ब्युरेट व पिपेट अचूक हाताळू शकेल', आणि त्यातही पोरांनी पातळी तीन गाठली होती. बाईंना हसू फुटलं. रसायनशास्त्राची फाईल सगळ्यांत आधी तयार होते, ती मागून न्यायची आणि विषयाचं नाव बदलून उतरवायची, ही कॉलेजची जुनी रीत. इतिहासवाल्यांनी नाव तेवढं बदललं, पिपेट तसंच राहिलं. सनावळ्या विसरल्या तरी चालतील, पोरांना पिपेट धरता आलं म्हणजे झालं!

हसू फार टिकलं नाही, कारण पुढची फाईल त्यांच्याच विभागाची होती. मराठी, दोन पूर्णांक आठ. बाईंनी पहिल्या नावापुढे तीनचा आकडा टाकला होता, एकाच रकान्यात शोभेपुरता दोनचा, आणि माऊसने तो खालपर्यंत ओढत नेला होता. कॉलेजात या कामाला 'ओढणं' असंच म्हणत. "तुमचं ओढून झालं का?" असं लोक चहा पिताना उघड विचारत. ओढता ओढता, दिवाळीआधीच शिक्षण सोडून रोह्याच्या कारखान्यात लागलेल्या प्रथमेशलाही तीन मिळाले होते. तो चाचणीला बसलाच नव्हता. खरं तर चाचणीला कुणीच बसलं नव्हतं, ती झालीच नव्हती.

रसायनशास्त्राची पातळी होती शून्य पूर्णांक आठ.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शून्य पूर्णांक आठच. एकतीस विद्यार्थी, प्रत्येकाच्या नावापुढे वेगवेगळे गुण, आणि खाली रसायनशास्त्र शिकवणाऱ्या हफ्सा मुकादमने स्वतःच्या अक्षरात कारणं लिहिलेली. प्रयोगशाळेत ऑगस्टपासून गॅस नाही. तराजू एकच आहे, तोही दमट हवेत चुकतो. सव्वीस विद्यार्थ्यांना आम्लाचं प्रमाण काढता आलं नाही. माझी शिकवण्याची पद्धत चुकली असावी. उपाय, दर शनिवारी जादा तास.

'माझी पद्धत चुकली असावी' या ओळीवर बाई अडखळल्या. बावीस वर्षांत असं वाक्य त्यांनी कुठल्याच फायलीत वाचलं नव्हतं, आणि लिहिलंही नव्हतं.

प्राचार्य दिनानाथ म्हात्रे यांनी तो आकडा बघून कपाळाला हात लावला. "मॅडम, संस्थेचा ठराव झालाय. दोनच्या खाली ज्याची पातळी, त्या विभागाला जूनपासून प्रवेश बंद. आणि ही बया शून्यात जाऊन बसलीये! तुम्ही समजवा तिला. तुमची विद्यार्थिनी ना ती? तुमचं ऐकेल."

हफ्सा बाईंचीच विद्यार्थिनी, मुरुडची. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर होती, म्हणजे जेवढे तास शिकवील तेवढाच पगार, आणि दर जूनला नवं नेमणूकपत्र. शनिवारच्या जादा तासांचं तिला कुणी काही देत नव्हतं.

बाई शनिवारीच प्रयोगशाळेत गेल्या. खिडकीपाशी अमिषा नावाची रेवदंड्याची कोळ्याची पोर ब्युरेटची तोटी धरून उभी होती आणि हफ्सा तिच्या मागून सांगत होती, "सावकाश. एकच थेंब. रंग गेला? मग परत." पोरगी हसली आणि तिने परत सुरुवात केली.

बाईंनी हफ्साला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि ठराव सांगितला. "दोन पूर्णांक सहा कर," त्या म्हणाल्या.

"कसं करू? गॅस मिळाला तर परत चाचणी घेते, पण एवढ्या थोड्या दिवसांत—"

"चाचणी नको घेऊस. आकडा बदल."

"मॅडम, तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगतेय. सगळ्यांनी तेच केलंय."

"तुम्हीपण?"

"मीपण." बाईंना वाटलं होतं हे म्हणणं जड जाईल, पण ते सहज तोंडातून गेलं. "वर्ग बंद झाला तर या पोरींना अलिबागला कोण पाठवणार आहे? तुमच्या मुरुडच्या सात जणी आहेत, दुपारच्या येष्टीने घरी यायचं या बोलीवर त्यांना सोडलंय. अमिषाची आई पहाटे बंदरावर जाते, धाकटी दोघं हिच्या गळ्यात. वर्ग राहिला तर शिकवशील ना त्यांना?"

हफ्सा कठड्याला टेकली. आत पोरी मोठ्याने थेंब मोजत होत्या. "गुनाह लागेल मला," ती हळूच म्हणाली.

"तो माझ्या माथी. कुणी विचारलं तर मी आहे ना."

हफ्साने कार्यालयातल्या संगणकावर, बाईंच्या देखत, आकडे बदलले. तिला ओढता येत नव्हतं. तिने एकेका नावापुढे नवा आकडा टाईप केला आणि प्रत्येक नावाशी थोडं थांबली. बाई हलक्या मनाने घरी गेल्या. एक गोष्ट विचारायची राहिली. चाचणीचे पेपर कुणी जपून ठेवतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, कारण उरलेल्या दहा विभागांकडे पेपर असण्याचा प्रश्नच नव्हता. जुने गठ्ठे होते तेही शिपाई अंबाजीने दिवाळीला रद्दीत घातले होते. आणि खोटं बोललं की मागची आवराआवर करावी लागते, हे हफ्साला ठाऊक नव्हतं. तिची ती पहिलीच वेळ होती.

परीक्षक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, मृदू बोलणारे, कपाळावर आठी नसलेले. बाईंना सोबत घेऊन ते प्रत्येक विभागात जात आणि एकच गोष्ट मागत, "चाचणीचे पेपर दाखवता?" वाणिज्यचे पावसात भिजले होते. इतिहासाच्या पेपरांना वाळवी लागली होती. "ओल लागून खराब झाले, सर," जयमालाबाई आपल्या विभागात म्हणाल्या. कोकणात ओलीवर कोण अविश्वास दाखवणार? परीक्षक मान डोलवत आणि वहीत लिहीत, 'दप्तर जतनाकडे लक्ष द्यावे.' झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अशा दहा मुठी.

अकरावा विभाग रसायनशास्त्र. परीक्षकांनी विचारायच्या आधीच हफ्साने कपाट उघडलं. तीन वर्षांचे पेपर, हजेरी क्रमांकाने लावलेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने बांधलेले, सोबत डांबराच्या गोळ्या. "वा!" परीक्षक खरंच खूश झाले. ते स्टुलावर बसले आणि यंदाचा गठ्ठा सोडून एकेक पेपर वाचू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वीस मिनिटांनी परीक्षकांनी मान वर केली. "मुकादम मॅडम, या पेपरांत आम्लाचं प्रमाण पाच जणांना काढता आलंय. तक्त्यात अठ्ठावीस जणांना आल्याचं दिसतंय. आकडे कुणी बदलले?"

"मी, सर."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

हफ्साने बाईंकडे बघितलं. एकदाच.

बाईंनी म्हणायचं होतं फक्त 'माझ्या'. पण मग मराठीचा तक्ता निघाला असता, प्रथमेशचे तीन निघाले असते, चौकशी लागली असती. बाईंच्या वस्तीत अजून लोक आपल्या पोरींना सांगत, बघ, आपल्यातली पहिली प्रोफेसर. ते नाव चौकशीच्या कागदावर? बाईंनी मान खाली घालून वहीत तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

"कुणाच्या नाही, सर," हफ्सा म्हणाली. "माझी चूक."

कॉलेजतर्फे पाठवायच्या अहवालाचा मसुदा समन्वयक म्हणून बाईंनीच केला. दहा विभागांचे मूल्यमापन समाधानकारक. रसायनशास्त्र विभागात आकड्यांत फेरफार आढळला. संबंधित शिक्षिकेची सेवा थांबवण्यात आली असून विभाग जूनपासून बंद करण्यात येत आहे. शुद्धलेखन त्यांनी दोनदा तपासलं. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती, तरी सही त्यांनी नेहमीसारखीच वळणदार केली.

अंबाजी कागद न्यायला आला तो दारातच थांबला. "चोर सोडून संन्याशाला सुळी, बाई. धा इभागांची रद्दी मीच इकली न्हाय का? मला ठाव हाय." बाईंनी त्याला चहा आणायला पाठवलं.

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी परिपत्रक काढायला सांगितलं. कॉलेजने या प्रकरणातून धडा घेतला होता. यापुढे सर्व विभागांनी चाचणीच्या उत्तरपत्रिका निकालानंतर तीस दिवसांत नष्ट कराव्यात. तेही बाईंनीच लिहिलं, आणि त्याच दुपारी अंबाजीने हफ्साचं कपाट रिकामं केलं.

परीक्षा संपल्यावर एप्रिलात अमिषा आली, हातात कॉलेज सोडल्याचा दाखला मागणारा अर्ज. बाईंनी विचारलं, "अलिबागला घेणार का प्रवेश?"

"नाय बाई. आयेसोबत बंदरावर." ती जरा घुटमळली. "हफ्साबाईंनी सांगितलं व्हतं, चाचणीचे पेपर परत देईन म्हणून. चुका बघायला. माझा मिळंल काय?"

"पेपर नाहीत आता. तसा नियम आहे."

"बरं." पण ती हलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "बाई, आमी पेपर नीट लिवला असता, तर हफ्साबाई ऱ्हायल्या असत्या ना?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. प्राचार्य अलिबागला गेले होते, परीक्षक कधीच गेले होते. या पोरीला खरं सांगितलं असतं तर बाईंचं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. सगळ्या कॉलेजात खरी चाचणी दिली ती याच पोरींनी, हे एवढंच तर सांगायचं होतं.

"हो," बाई म्हणाल्या.

अमिषाने मान डोलवली. "आमाला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "पोरी भायेर थांबल्यात. सांगते त्यांना, चूक आपलीच व्हती म्हणून." तिने अर्ज टेबलावर नीट सरळ ठेवला आणि अडीचची येष्टी गाठायला ती निघून गेली.