दार वाजवून

नातीला पहिला दात आला त्या वर्षी, एका सकाळी गवंडीकाका जिन्यात उकिडवे बसून सैल झालेल्या कठड्याच्या बुडाशी सिमेंट ठासत होते. लेक खाली उभा राहून त्यांना भाड्याचा नवा कायदा समजावत होता.

"वकील म्हणाले, एकदा लागू झाला की भाडेकरूला कारणाशिवाय काढता येणार नाही, बाबा. खोली मोकळी करून घ्यायची तर आत्ताच."

"शिंपीणबाईंनी तुझं काय घोडं मारलंय?"

"काही नाही. पण मी राहतो लांब. उद्या तुम्हाला बघायला माणूस ठेवायचा झाला, तर तो राहील कुठे?"

काकांनी थापीची कड पायरीवर पुसली. पोरगं चुकीचं बोलत नव्हतं.

"आणखी काय म्हणाले वकील?"

"दुरुस्त्या उरकून घ्या. जुन्या वायरी बदला. आणि भाडेकरूच्या खोलीत असं घुसायचं नाही. आदल्या दिवशी विचारायचं, दार वाजवायचं, हो म्हटलं तरच आत."

"अन् टाकीचा कॉक?"

"ते तुमचं तुम्ही बघा," लेक हसला.

टाकी गच्चीत होती आणि गच्चीची वाट शिंपीणबाईंच्या खोलीतून जात होती. इतकी वर्षं काका जिन्यात एकदा खाकरत आणि सरळ आत शिरत. मशीनवरून मान न उचलता बाई म्हणत, "काका, कापडावर पाय देऊ नका." कॉक सोडून परतताना काका कधीमधी गुंडी तुटलेला सदरा मशीनवर टाकत. झालं, एवढाच व्यवहार.

लेक गेला. वायरमन येऊन गेला. काकांनी बाईंच्या खिडकीची गंजकी कडी काढून नवी बसवली. मग एका सकाळी ते धुतलेला सदरा घालून वर गेले आणि त्यांनी दार वाजवलं.

मशीन थांबलं. दार उघडायला वेळ लागला.

"उद्या सकाळी गच्चीत जायचं होतं. चालेल का?"

बाईंनी त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. "चालेल," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका आत गेले, तर भिंतीवरचा आरसा उतरवलेला, कापडांची गाठोडी बांधलेली, मशीनवर चादर.

"हे काय? कुठे निघालात?"

"आता आडून आडून कशाला, काका? लेक जिन्यात बोलत होता ते ऐकलंय मी. तरी म्हटलं, काका तसे नाहीत. पण काल तुम्ही दार वाजवलंत."

"मग?"

"मग काय! घरचं माणूस पाहुण्यासारखं वागायला लागलं की समजायचं आपण."

काका एका गाठोड्यावरच बसले.

"अहो, कायदाच आलाय तसा. मालकानं विचारून आत यायचं."

"अन् मी नाही म्हटलं तर?"

"तर नळ तुमचेच कोरडे पडतील."

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. काकांनी खिशातून एक किल्ली काढून मशीनवर ठेवली.

"ही तुमच्या खोलीची दुसरी. आता माझ्याकडे नको." थोडं थांबून त्यांनी शेजारी आणखी एक ठेवली. "अन् ही माझ्या घराची. लेकाला कळवतो, मला बघायला माणूस आहे म्हणून."

बाईंनी चादरीची घडी घातली. बराच वेळ घातली.

"मग खाली येताना मीही दार वाजवायचं का?"

"भाडेकरूनं मालकाकडे कसं शिरावं, ते काही वकील बोलले नाहीत."

त्यानंतर रोज सकाळी काका दार वाजवत आणि बाई आतून ओरडत, "या, कापडावर पाय देऊ नका."

नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी दार वाजलं नाही. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग किल्ली घेतली, कठड्याला धरून खाली उतरल्या आणि न वाजवताच आत गेल्या.

गवंडीकाका त्या पहाटे झोपेतच वारले होते.