दोरी लावलेली गाडी

“वहिनी, पेट्रोल संपू दे, बंद पडू दे, कायबी होऊ दे. गाडी हाय तितं ठेवायची आन् मला फोन करायचा. दोरी लावून ओढायची न्हाई.”

हृतिक, माझा धाकटा दीर, किल्ली देताना हे तीनदा म्हणाला होता. मी हसले होते. “भाऊजी, गाडी आहे का लाडाची गाय?”

त्याची ती निळी गाडी आमच्या घोटावड्याच्या घरात सगळ्यांत लाडकी. आधीच टर्बो इंजिन, त्यात कुणाकडून तरी सेटिंग बदलून जोर आणखी वाढवून घेतलेला. गिअर आपोआप पडतात, म्हणून मला चालवता येते.

ऑगस्टमध्ये वैष्णवीला, माझ्या दोन वर्षांच्या लेकीला, ताप होता. पिरंगुटच्या डॉक्टरांकडून परत येत होते. मी तिचे झोपेतले श्वास मोजणारी बाई. सगळं लक्ष आरशात, तिच्या लाल गालांवर. पेट्रोलच्या काट्याकडे बघितलंच नाही. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली ती थांबलीच. जवळचा पंपवाला बाटलीत पेट्रोल देईना. हृतिक कामावर, यायला तास लागला असता. तासभर, तापलेलं लेकरू घेऊन? मी सासऱ्यांना, गेणबामामांना, फोन लावला.

मामा वीस मिनिटांत ट्रॅक्टर घेऊन हजर. रुतलेला टेम्पो असो की वऱ्हाडाची बस, गावात सगळ्यावर औषध एकच, मामांचा ट्रॅक्टर.

“मामा, भाऊजी म्हणालेत ओढायची नाही.”

“त्येला काय कळतंय! न्यूट्रलला टाक आन् गप बस. न्यूट्रल म्हंजी बैलगाडी. चाकं फिरत्यात, बाकी समदं झोपल्यालं.”

मी न्यूट्रलला टाकली. सात-आठ किलोमीटर. मामा ट्रॅक्टर हळू चालवतात असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही.

अंगणात पोचलो तशा सासूबाई बाहेर आल्या. “काय करपतंय गं? गॅस बघ जा आधी.” मी वैष्णवीला कडेवर घेऊन आत पळाले. गॅस बंद होता. दूध जागच्या जागी. खिडक्या उघडल्या आणि विसरून गेले.

मामांनी मोटरसायकलमधलं पेट्रोल नळीने काढून गाडीत ओतलं. सुरू झाली. “हृतिकला सांगू नगंस. उगी बोंबलंल,” म्हणाले. मी नाही सांगितलं.

महिन्याभरात गाडी वेड्यासारखी वागायला लागली. गिअर टाकला की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम धक्का. चढावर इंजिन किंचाळायचं आणि गाडी जागची हलायची नाही. परवा हृतिकने शेजारच्या माणहून भिकूमिस्त्रीला घरीच बोलावलं.

भिकूने लॅपटॉप जोडला, हृतिकला ब्रेक दाबून गिअर टाकायला लावला, कान देऊन ऐकलं. “इंजिन पळतंय, पर चाकाला जोर पोचत न्हाई. मधीच सुटतंय.” मग जॅक लावून खाली शिरला आणि गिअरबॉक्सचं ऑइल मी दिलेल्या जुन्या घमेल्यात सोडलं. लालसर असायला हवं, ते काळं कुळकुळीत. खालचं झाकण काढून त्याच्या आतलं चुंबक बोटाने पुसलं आणि उन्हात धरून बघत राहिला.

मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात होते. वास आला. ओळखीचा. गॅस बघायला पळाले होते, त्या दिवसाचा.

“ही गाडी कुणी ओढली व्हती का रं?” भिकूने विचारलं.

“छ्या! मी कुणाला हात लावू देत न्हाई.”

मामा ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपांकडे.

“मग तुझ्या टर्बोचाच पराक्रम. इंजिन दिलंस घोड्याचं आन् पाय शेळीचे!” भिकू हसला, हृतिक खजील झाला. नवीन ऑइल पडलं, इंजिनाची सेटिंग पूर्ववत झाली.

“रविवारी ताम्हिणी घाट उतरायचाय. चालंल का?”

“टर्बोचंच दुखणं असंल, तर सावकाश चालंल.”

त्या ‘असंल’पाशी मी अडकले ते अडकलेच. तरी बोलले नाही. आज सकाळी आठला हृतिक आणि अपेक्षा, त्याची बायको, निघाले. माणगावला, तिच्या माहेरी. अपेक्षाने वैष्णवीचा पापा घेतला, मी हात हलवला.

साडेनऊला मला राहवेना. भिकूला फोन केला. “भिकूदादा, समजा ओढली असेल, तर?”

“किती?”

“सात-आठ किलोमीटर. न्यूट्रलला टाकून.”

“आवो वहिनी! इंजिन चालू असंल तरच आत ऑइल फिरतंय. इंजिन बंद आन् चाकं पळत्यात, म्हंजी समदं कोरडं घासलं. टर्बोच्या जोरानं नुसता क्लच जळतो, त्येचा काळा भुसा पडतो. चुंबकावर तर चमकतं लोखंड व्हतं, बेअरिंगचं. म्हणून तर इचारलं मी. तवा का न्हाई बोलला?”

“आता काय होईल?”

“गरम झाली की गिअर कवाबी सुटंल. चढाला सुटली तर उभी राहील. उताराला सुटली तर आपोआप न्यूट्रल. इंजिन धरून ठेवणार न्हाई, समदा भार ब्रेकवर. आन् ब्रेक तापलं की लागत न्हाईत. त्यास्नी फोन लावा आधी!”

न्यूट्रल म्हंजी बैलगाडी.

हृतिकचा फोन लागत नाही. अपेक्षाचाही नाही. घाटात रेंज नसते, हे मला माहीत आहे. तरी दर दोन मिनिटांनी लावतेय. ‘गाडी थांबवा, उतरा’ या मेसेजवर अजून एकच टिक आहे. माझा नवरा अमोल मोटरसायकलने त्यांच्या मागे गेलाय. मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा हात तंबाखूवरच थांबला. “सांगायचं न्हाई का पोरी,” एवढंच पुटपुटले. गप्प बस म्हणणारे तेच होते; पण ट्रे माझ्या हातात होता, वास मला आला होता, तोंड मला होतं.

बारा वाजले. त्यांनी अकरालाच पोचायला हवं होतं. माणगावला फोन केला, अपेक्षाची आई म्हणाली, “येतील गं, भजी खायला थांबली असतील.” हो म्हटलं. तिला काही सांगितलं नाही. पुन्हा तेच केलं मी.

म्हणून हे लिहितेय, वैष्णवीला मांडीवर घेऊन, आणि सापडेल त्या प्रत्येक ग्रुपवर टाकतेय. तुमच्यापैकी कुणी आत्ता ताम्हिणीच्या रस्त्यावर असेल, तिथल्या एखाद्या ढाब्यावर बसलं असेल, तर निळ्या गाडीवर नजर ठेवा. मागच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत ‘घोटावडे’ लिहिलंय. चालत असली तर हात करून थांबवा. उभी दिसली तर पुढे जाऊ नका, जवळ जा, काचेवर टकटक करा, आणि दोघं बरी आहेत का तेवढं बघा.