सिद्ध पॅनल

ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. त्या वर्षी शहराच्या मोठ्या वीजकेंद्राला आग लागली आणि पुढे कितीतरी महिने वीज लहरी पाहुण्यासारखी येत होती. येईल तेव्हा खरी, आणि आली तरी टेकायच्या आत परत निघालेली. लिफ्ट अडकायच्या, पंप बसायचे, गिरणीसमोर दळणाचे डबे ताटकळायचे. जो तो गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघायचा आणि सौर पॅनलची चौकशी करायचा. अशा वेळी शहरात किरणस्वामी आले.

पाण्याच्या टाकीखालच्या चौकात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. लाकडी मंचावर दोन पॅनलं तिरकी उभी केली होती, दोन्ही दारांएवढी उंच, सारखीच निळी. एकाची पाटी ‘साधे’, दुसऱ्याची ‘सिद्ध’. दोन्हींच्या वायरी पुढच्या टबांमधल्या पंपांना जोडलेल्या. साध्याचा पंप गळक्या नळासारखा ठिबकत होता. सिद्धाच्या पंपातून माणसाच्या उंचीचं कारंजं उडत होतं आणि पुढच्या रांगेतली मंडळी चष्मे पुशीत मागे सरकत होती.

“ऊन दोघांवर सारखंच पडतंय की नाही?” किरणस्वामींनी विचारलं. अंगात फिकट पिवळा सदरा, डोळ्यांना काळा चष्मा, आवाज तुपात घोळलेला.

“पडतंय!” चौक म्हणाला.

“कारखाना एक, काच एक?”

“एक!”

“मग हे ठिबकतं का आणि ते उडतं का?” स्वामींनी गर्दीवरून नजर फिरवली. “काच झोपलेली असते, बाबांनो! झोपलेल्या माणसापुढे पंचपक्वान्नं वाढलीत तरी तो जेवेल का? आधी त्याला उठवा! काचेतला कण न् कण सूर्याच्या कंपनाशी जुळवावा लागतो. हे काम दुकानदाराचं नाही. त्याला फक्त बिल फाडता येतं.”

लोक खो खो हसले. हसणाऱ्यांत चौकातला सौर सामानाचा दुकानदार तेवढा नव्हता.

मग स्वामींनी साध्या पॅनलवर तळहात टेकला, डोळे मिटले आणि नाकातून भुंग्यासारखा सूर काढला. बाजूच्या शिष्याने अदबीने ‘साधे’ पाटी उतरवली आणि सोबत आणलेली ‘सिद्ध’ पाटी खाली स्टँडला बांधली. ठिबकणारा पंप खाकरला, थरथरला आणि त्याचंही पाणी उसळून वर गेलं. चौकात आरोळी उठली. कुणी शिट्टी मारली, कुणी हात जोडले.

गर्दीत एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या, सगळे विद्यार्थी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या. त्यांनी हात जोडले नाहीत. कुठे लपवलेली बॅटरी दिसते का, ते त्या शोधत होत्या. पण पंप उघडे, टब उघडे, वायरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. काही हाती लागेना.

“ताई, तो शिष्य बघितलास का?” शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीने त्यांचं कोपर दाबलं. “तुझा भिंग!”

खरंच भिंगच होता. शाळेत असताना भिंगाने कागद जाळून जाळून त्याने हे नाव कमावलं होतं. आता चांगला शिकलेला इंजिनियर, हातात मीटर घेऊन उभा. त्याला बघून बाईंचा चेहरा क्षणभर फुलला आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“म्हणजे आता काळजी नाही,” धाकटी म्हणाली. “तुझ्या हाताखाली शिकलेला पोरगा खोटं कशाला सांगेल?”

धाकटीची काळजी साधी नव्हती. तिचा नवरा पेंटर. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, रंगांच्या वाफा छातीत भरून घेतल्या आणि आता नाकात नळी घालून खिडकीशी बसलेला. श्वासाचं यंत्र विजेवर चालायचं. वीज गेली की धाकटी ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे धावायची आणि तो संपत आला की दुसऱ्यासाठी वणवण करायची. दुकानदाराने गच्ची बघून सांगितलं होतं, चार पॅनलं आणि बॅटऱ्या, त्याहून कमीत यंत्र रात्र काढणार नाही. स्वामी म्हणत होते, एक सिद्ध पॅनल चारांना भारी, आणि बॅटरीचं लोढणं कशाला?

“आणि रात्री गं?” बाईंनी धाकटीच्या घरी आल्यावर विचारलं. “रात्री ऊन कुठून आणणार?”

“जागी झालेली काच दिवसाचं तेज धरून ठेवते म्हणे.”

“कोण म्हणे? तो पिवळा?”

“पिवळा नाही. तुझा भिंग म्हणाला. मी मुद्दाम बाजूला घेऊन विचारलं, आमच्याकडे आजारी माणूस आहे, नीट सांग. तो म्हणाला, काकू, निर्धास्त राहा.”

बाईंनी हातातला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. पॅनल रात्री काही धरून ठेवत नाही, एवढं तर त्याने सातवीतही सांगितलं असतं.

खिडकीतून पेंटर चौकाकडे बघत होता. त्याला सगळा तमाशा वरून दिसला होता.

“ताई,” तो म्हणाला, “त्या स्वामीला... पाट्या लावायची अक्कल नाही.”

“पेंटर, दमाने बोला.”

“दमानेच बोलतोय, दम आहे कुठे!” तो हसला, खोकला आणि पुन्हा सुरू झाला. “जे विकायचं त्याचं नाव वर लावतात, डोळ्यांसमोर. हा बाबा ‘साधे’ काचेवर लावतो, खालच्या कडेला, आडवी. आणि ‘सिद्ध’ खाली, स्टँडच्या पायांना बांधतो. ज्याची विक्री करायची... ते नाव पायाशी? असा धंदा मी जन्मात पाहिला नाही.”

“काचेवर?” बाई उठून खिडकीशी आल्या. “काचेच्या बाहेर, चौकटीवर नाही? नक्की काचेवर?”

“पाट्यांच्या बाबतीत मला विचारता?”

बाईंनी खाली बघितलं. मंचावर दुपारच्या कार्यक्रमाची तयारी चालू होती. ‘साधे’ पाटी पॅनलच्या रुंदीएवढी लांब होती आणि निळ्या चौकोनांची सगळ्यांत खालची ओळ तिच्याखाली झाकून गेली होती. बाईंना लगेच उलगडलं, कारण ही युक्ती त्यांची स्वतःची होती.

दरवर्षी त्या वर्गात एक लहानसं पॅनल आणि पंखा आणायच्या. पुठ्ठ्याची एक पट्टी तळाशी धरली की पंखा थांबायचा आणि वर्ग आ वासायचा. “एवढ्याशा सावलीने सगळं कसं थांबलं?” हा प्रश्न विचारून शाळा सुटल्यावरही प्रयोगशाळेत बसून राहणारा एकच मुलगा त्यांना आठवत होता. त्याचं कौतुक त्यांनी किती जणांना सांगितलं होतं! धाकटीला तर पाठ झालं होतं.

भिंग त्यांना टाकीमागच्या खोलीत भेटला, वायरींची वेटोळी घालताना.

“बाई! तुम्ही?” तो पाया पडायला वाकू लागला. बाई मागे सरकल्या.

“पाटी कुणाची कल्पना?”

तो हसला. मग हसू मावळलं. “बाई, मी मीटरचा एकही आकडा खोटा सांगत नाही. हवं तर तुम्ही वाचा.”

“आकडे खरे आणि माणूस खोटा. असंही शिकवलं होतं का रे मी तुला?”

“लोकांना नुसतं सौर पॅनल घ्या म्हटलं तर घेत नाहीत. श्रद्धेने तरी घेतात. शेवटी गच्चीवर पॅनलच चढतं ना?”

“माझ्या बहिणीच्या गच्चीवर एक चढणार आहे, बॅटरीशिवाय. रात्री वीज गेली की तिच्या नवऱ्याने काय करायचं? तू तिला निर्धास्त राहा म्हणालास.”

भिंगाने वायर हातातून सोडली.

“माझी चूक झाली,” तो हळूच म्हणाला. “दुपारच्या कार्यक्रमात मी स्वतः सांगतो. सगळ्यांसमोर. तुम्ही काही बोलू नका, बाई, मला एवढी एक संधी द्या. तुमच्या शब्दाखातर सांगतो.”

बाईंनी दिली. मनात आलं, पोरगं आतून अजून शाबूत आहे.

दुपारी चौक सकाळपेक्षा गच्च होता. धाकटी पहिल्या रांगेत, सिद्ध पॅनल घ्यायला पुढे बोलावतील म्हणून वाट बघत. पुन्हा ठिबक, पुन्हा कारंजं. स्वामींनी विचारलं, “आता आमचे इंजिनियर सांगतील, मीटर काय म्हणतं?”

भिंग पुढे आला. त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली, बोल बाळा, अशी. भिंगाने नजर फिरवली आणि माइक तोंडाशी धरला.

“विज्ञानालाही जे समजत नाही,” तो म्हणाला, “ते इथे दिसतं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना त्या टाळ्या आपल्याच थोबाडावर पडल्यासारख्या वाटल्या. त्या मंचाच्या पायऱ्या चढल्या.

“अहो आजी, खाली व्हा!” कुणीतरी ओरडलं.

“आजी नाही, बाई म्हणा. तुमच्यातल्या अर्ध्यांचे कान मी धरलेत.” हशा पिकला, तसा त्यांचा आवाज स्थिरावला. “स्वामी, एक विनंती आहे. पाट्यांची जागा बदला. ‘सिद्ध’ वर काचेवर लावा. एवढं मोठं नाव पायाशी शोभत नाही.”

“बरोबर आहे की!” मागून आवाज आला. “वर लावा!”

स्वामींच्या चष्म्यामागे काय झालं ते दिसलं नाही. “पाटी तिच्या स्थानावरून हलवली तर कंपनं बिघडतात, माताजी.”

“पाटीने कंपनं बिघडतात आणि आभाळातल्या ढगांनी नाही? मग नाजूकच आहे तुमचं सिद्ध.” बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतःच ‘साधे’एवढीच लांब ‘सिद्ध’ पाटी स्टँडच्या पायांवरून सोडली आणि तिचे हूक कारंजं उडवणाऱ्या पॅनलच्या खालच्या कडेला अडकवले.

कारंजं वाकलं, बुटकं झालं आणि ठिबकू लागलं.

मग त्यांनी दुसऱ्या पॅनलवरची ‘साधे’ पाटी उतरवून तशीच हातात धरली. साध्याचं पाणी भसकन वर गेलं. ना भुंगा, ना तळहात.

पुढच्या रांगा मंचाकडे सरकल्या.

“अश्रद्धेची सावली पडली!” स्वामी ओरडले.

“सावलीच पडली. पण पाटीची.” बाई गर्दीकडे वळल्या. “आग विझवायला आपण रांग करून हातोहात बादल्या देतो. एकाने हात आखडले की पाणी तिथेच अडतं. या काचेत चौकोनांच्या अशा तीन रांगा आहेत आणि तिन्ही या खालच्या कडेवरून वळून वर जातात. इथे पट्टी आडवी लावली की तिन्ही रांगांतली माणसं एकदम हात आखडतात. वरची सगळी काच उन्हात असली तरी उपयोग नाही. ही पाटी काढली की काच जागी होते आणि लावली की झोपते. वाटल्यास तुमच्यातल्या कुणीही येऊन हात लावून बघा.”

दुकानदार पुढे आला. मग गिरणीवाला आला. मग लोक ओळीने येऊन पाटी लावू-काढू लागले आणि पाणी बिचारं खाली-वर होत राहिलं.

“दोन पॅनलं पारखायची तर दोघांना सारखं ऊन द्या, सारखा कोन द्या, दोन्हींच्या काचा उघड्या ठेवा,” बाई म्हणाल्या. “आणि रात्री कुठलंच पॅनल वीज देत नाही. ज्याला रात्रीची गरज आहे त्याने बॅटरी घ्यावी. तुम्हाला स्वामींचा राग येईल, तो येऊ द्या. पण उद्या दुसरा कुणी येईल, त्याच्यापुढे हात जोडण्याआधी तोच हात लावून बघायला मागा. जो लावू देत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका.”

धाकटी मंचापाशी आली. तिने स्वामींकडे बघितलंही नाही. भिंगासमोर उभी राहिली.

“मी तुला बाजूला घेऊन विचारलं होतं,” ती म्हणाली. “बाजूला घेऊन.”

मग ती बहिणीकडे वळली. “आणि तू म्हणायचीस, याच्याइतका सच्चा मुलगा वर्गात नाही.”

“म्हणायचे,” बाई म्हणाल्या.

किरणस्वामी त्याच संध्याकाळी गेले. पुढे एका दूरच्या गावात ते लोहचुंबकाचं पाणी विकतात असं ऐकू आलं. पॅनल जागं करून घेतलेले काही शेजारी बाईंशी कधीच धड बोलले नाहीत. आपण फसलो, यापेक्षा बाईंनी ते सांगितलं, याचाच त्यांना जास्त राग होता. गिरणीवाल्याने साधी पॅनलं घेतली आणि अजून ती स्वतः पुसतो. धाकटीच्या गच्चीवर चार पॅनलं आणि बॅटऱ्या चढल्या. पेंटर त्यानंतर सहा वर्षं जगला आणि त्याच्या श्वासाचं यंत्र विजेअभावी एकदाही थांबलं नाही. तो गेला तो झोपेत, यंत्र चालू असताना.

भिंग कुठल्याशा कंपनीत लागला आणि चांगल्या पदावर पोचला, असं म्हणतात. पेंटर गेल्यावर तो एकदा बाईंकडे आला. दारातच रडला, माफी मागितली. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आईची तब्येत विचारली. जाताना तो म्हणाला, “बाई, रागावून तरी बोला.”

“रागावलेले नाही,” बाई म्हणाल्या. “सांभाळून जा तुम्ही.”

लहानपणापासून तो त्यांचा ‘अरे-तुरे’चा होता. जिना उतरताना तो मध्येच थांबला. बाईंनी दार लावून घेतलं.