हंडा सोडायचा नाही

निवृत्तीचं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात, १९७३ साली, त्याच्या दोघी आया कुसगावखालच्या आटलेल्या तळ्यात एका हंड्यासाठी झोंबत होत्या. धाकट्या भागूबाईने हिसका दिला आणि थोरल्या सावित्राबाईने हंडा मुकाट्याने सोडून दिला. चौथ्यांदा.

“कट!” सिनेमावाल्यांचा टोपीवाला दिग्दर्शक धावत आला. “मावशी, जग बुडालंय. वीस वर्षं पाऊस नाही, सगळं वाळवंट झालंय. हा शेवटचा हंडा. असा देऊन काय टाकता?”

“ती तहानेली हाय म्हनता ना, बाबा?” सावित्राबाई म्हणाली. “मग पानी न्हाई कसं म्हनायचं?”

जीपला बैलाची शिंगं बांधून तिच्यावर लुटारू बसवले होते. तोंडाला राख फासलेले ते सगळे गावचेच गडी, खदखदून हसले. त्यांच्यात भाला धरून बसलेला दोघींचा नवरा गोविंदा थोरलीकडे कौतुकाने बघत होता.

“तिचा सभावच तसा,” तो शेजारच्याला म्हणाला.

भागूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. थोरलीला मूल नव्हतं, म्हणून तिनेच ‘दुसरी कर’ म्हणून सांगितलं, असं गोविंदा लग्नापासून ऐकवत आला होता. तेव्हापासून बावीस वर्षं भागूबाई थोरलीने दिलेलंच खात होती, दिलेल्याच जागी निजत होती. गाव थोरलीचं मन वाखाणायचं. निवृत्ती भागूबाईच्या पोटचा, पण ‘आई’ म्हणायचा थोरलीला; हिला नुसतं ‘धाकटी’. परवा लग्नात पायासुद्धा आधी तिच्याच पडला.

पाचव्यांदा हंडा धरताना भागूबाईने तोंड थोरलीच्या कानाशी नेलं.

“नवरा दिलास आन् पोर घेतलंस, आक्का. आता हंडा बी दे. लोक आनकी नाव काढत्याल.”

सावित्राबाईची बोटं काठावर आवळली. भागूबाईने टाच रोवून ओढलं, हंडा हलेना. मग थोरलीने असा झटका दिला, की भागूबाई भेगाळलेल्या मातीवर आपटली. कोपर सोललं.

“वा! कट!” टोपीवाला हरखला. जीपवरच्यांनी टाळ्या पिटल्या.

सावित्राबाई हंडा छातीशी धरून तशीच उभी होती.

“म्या दिला न्हवता,” ती हळू म्हणाली. “मला इचारलं कुनी? भनीच्या बाळतपनाला गेलते. परत आले, तर चुलीपुढं तू.”

भागूबाईने जीपकडे पाहिलं. गोविंदा अजून टाळ्या वाजवत होता.

“असंच आणखी एकदा करू,” टोपीवाला म्हणाला.

भागूबाई उठली. हंड्याच्या काठावर, थोरलीच्या बोटांवर तिने हात ठेवले.

“ओढा ना, बाई!”

तिने ओढलं नाही. उन्हात दोघी तशाच उभ्या राहिल्या. टोपीवाल्याने दोनदा हाक मारली आणि शेवटी मघाचंच चालेल म्हणाला.

सावित्राबाई पुढच्या साली पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारली. सिनेमा तेव्हा आला नव्हता.