व्याह्यांचा शनिवार

वाचनालयाच्या मित्रमंडळात चष्मेवाले शिरले ते पुस्तकांच्या ओढीनं नव्हे, बायकोच्या धाकानं. चष्म्यांचं दुकान पुतण्याच्या हाती सोपवल्यापासून ते घरभर फिरत आणि दिसेल त्या वस्तूत खोड काढत. शेवटी बायकोनं बजावलं, "माझं डोकं खाण्यापेक्षा चार लोकांच्या उपयोगी पडा." दुसऱ्याच दिवशी ते मंडळाच्या बैठकीत जाऊन बसले.

मंडळाची सूत्रं भूगोलबाईंकडे होती. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांच्या आवाजातली छडी गेली नव्हती. लहान मुलांना गोष्टी सांगणं, जुन्या पुस्तकांचा बाजार, रोपांची अदलाबदल, एकट्या राहणाऱ्यांसाठी सामुदायिक वाचन, असं काही ना काही मंडळ सतत करत असे.

"तुम्हाला काय येतं?" बाईंनी विचारलं.

"बुद्धिबळ येतं बऱ्यापैकी."

"मग शनिवारी दुपारी, वरच्या मजल्यावर, मासिकांच्या खोलीत. माणसं तुम्ही जमवायची."

माणसं जमली नाहीत. चष्मेवाले पट मांडून बसत, दाराकडे बघत, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत. मासिकं चाळायला येणारी एक म्हातारी अधूनमधून मान वर करून विचारी, "कोण जिंकतंय?"

अशाच एका शनिवारी दारात छापखानेवाले उभे राहिले.

हे छापखानेवाले म्हणजे त्यांचे व्याही. म्हणजे होते. चष्मेवाल्यांची लेक छापखानेवाल्यांच्या घरात दिली होती, आणि काही वर्षांतच तो संसार मोडला. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं माणूस नाही. दोघांचं पटलं नाही, एवढंच. लेक माहेरी परत आली. व्याह्यांची शेवटची भेट वकिलाच्या ऑफिसात झाली होती. तिथं चष्मेवाले म्हणाले होते, "मुलाला वळण लावायला वेळ मिळाला नाही वाटतं तुम्हाला." त्यावर छापखानेवाले म्हणाले होते, "आणि तुमच्या मुलीला घरात माणसंच नको होती." त्यानंतर रस्त्यात दिसले तर दोघंही फुटपाथ बदलत.

छापखानेवाल्यांनी खोलीवर नजर टाकली. आत कोण बसलंय हे येताना त्यांना माहीत नव्हतं, हे स्पष्टच होतं. आता परत फिरायचं तर मासिकवाली म्हातारी बघत होती.

"खाली कागद लावलाय," ते म्हणाले. "सर्वांचं स्वागत आहे, असं लिहिलंय."

"लिहिलंय खरं."

"अक्षरं फार दाटीवाटीनं बसवलीत."

"मीच लिहिलाय तो."

"ते दिसतंच आहे," असं म्हणून छापखानेवाले समोरच्या खुर्चीत बसले.

त्या दिवशी 'शह' आणि 'मात' सोडून तिसरा शब्द निघाला नाही. चष्मेवाले हरले. पुढच्या शनिवारी त्यांनी त्याचं उट्टं काढलं. त्याच्या पुढच्या शनिवारी छापखानेवाले खाली लावायला नवा कागद घेऊन आले, सुबक, ठळक, लांबून वाचता येईल असा. आणि काय आश्चर्य, माणसं येऊ लागली. एक बसड्रायव्हर आला, दोन कॉलेजच्या मुली आल्या, एक बाप चिमुरड्या लेकीला घेऊन आला. मासिकवाली म्हातारीही मासिक ठेवून खेळायला बसली आणि सगळ्यांना पुरून उरली.

एकदा सोंगट्या आवरताना चष्मेवाले म्हणाले, "आपण असं बसणं लोकांना विचित्र वाटत असेल."

छापखानेवाल्यांनी उंट डबीत ठेवला. "घटस्फोट पोरांचा झाला. आपला कुठे झालाय?"

चष्मेवाल्यांनी वजीर उचलून त्याच्या शेजारी ठेवला. घरी मात्र त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. खोटं बोलायची गरज पडली नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

एका शनिवारी बायकोला बरं वाटेनासं झालं. चष्मेवाले फोन उचलेनात, म्हणून लेक स्वतःच वाचनालयात आली. जिना चढून वर आली तेव्हा तिचे वडील हसत होते, आणि टाळीसाठी पुढे केलेला हात तिच्या सासऱ्यांचा होता. ती दारातूनच म्हणाली, "आईला चक्कर आलीय," आणि आल्या पावली खाली उतरली.

बायकोला रात्रीपर्यंत बरं वाटलं. घराला मात्र वाटेना.

"किती दिवस चाललंय हे?" जेवताना लेकीनं विचारलं.

"ते आपण होऊन आले. मी बोलावलं नव्हतं."

"हाकललंही नाहीत."

बायको दोघांच्या मध्ये वरण वाढत राहिली. तिनं या वेळी कुणाचीच बाजू घेतली नाही, आणि चष्मेवाल्यांना तेच जास्त लागलं.

त्यांनी भूगोलबाईंना गाठलं. आडवळणानं सांगून पाहिलं, मग सरळच म्हणाले, "त्यांना येऊ नका म्हणून सांगता येईल का?"

"वाचनालय सार्वजनिक आहे," बाई म्हणाल्या. "इथं कुणाला येऊ नका म्हणता येत नाही. तुम्हाला यायचं नसेल तर तेवढं तुमच्या हातात आहे."

चष्मेवाल्यांनी जाणं बंद केलं. बाईंनी पट आणि खोलीची किल्ली छापखानेवाल्यांकडे दिली. शनिवारी दुपारी चष्मेवाले पुन्हा घरातल्या वस्तूंत खोड काढू लागले. खिडकीची कडी सैल आहे, नळाला वायसर हवा, दिव्याचा उजेड डोळ्यांना चांगला नाही. बायको वैतागली. लेक बघत होती.

असे काही शनिवार गेल्यावर ती त्यांच्या समोर येऊन बसली. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून नुकतीच आली होती, पायातले बूटही काढले नव्हते.

"बाबा, तुम्ही जाणं का सोडलंत?"

"तुला आवडलं नाही म्हणून."

"मला राग का आला होता माहितीये?"

"आता त्यांच्याशी आपला संबंध नाही म्हणून."

"नाही." ती बुटाची नाडी सोडायला वाकली आणि वाकूनच बोलली. "त्या घरात माझं एका माणसाशी चांगलं जमायचं, सासऱ्यांशी. परीक्षेच्या वेळी अप्पा माझ्या आधी उठून चहा ठेवायचे. वकिलाकडे जे बोलले ते बोलले, पण बाहेर आल्यावर माझ्याकडे बघूही शकले नाहीत. नवरा गेला त्याचं मला फार काही नाही. पण त्याच्याबरोबर अप्पाही गेले, त्याबद्दल कुणी विचारलं नाही. आणि तुम्हाला ते आयते दर शनिवारी मिळत होते."

चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांचे नंबर काढले होते. आपल्याच घरातलं हे आपल्याला दिसलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. थोडी लाजही वाटली.

"येतेस का या शनिवारी?" त्यांनी विचारलं.

"मला बुद्धिबळ येत नाही."

"त्यांना तरी कुठे येतं," चष्मेवाले म्हणाले.

शनिवारी दोघं गेली. चष्मेवाल्यांनी जिन्यापर्यंत सोबत केली आणि लेकीला एकटीला वर पाठवलं. भूगोलबाईंनी त्यांना रिकामं उभं पाहिलं आणि परत आलेली पुस्तकं लावायला बसवलं. त्यांचं अर्धं लक्ष वर होतं, त्यामुळे पाककृतींची पुस्तकं कायद्याच्या कपाटात गेली.

वर काय बोलणं झालं ते लेकीनं परत जाताना सांगितलं. अप्पांना आधी हाक कशी मारावी तेच कळेना. 'सूनबाई' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग नुसतं 'ये' म्हणाले. चहा विचारला. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर त्यांनी सांगितलं, की मुलाचं दुसरं लग्न ठरलंय.

"बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणाले. कितीतरी दिवस तुम्हाला सांगायचं होतं त्यांना. जमलं नाही."

"तुला वाईट वाटलं?"

"वाटेल असं वाटलं होतं. त्यांचाच चेहरा इतका पडला होता, की मलाच त्यांची समजूत घालावी लागली."

ती पुन्हा वाचनालयात नेमानं आली असं काही झालं नाही. कधी दवाखान्यातून सुटताना डोकावायची, अप्पांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, व्यायाम केले नाहीत म्हणून रागवायची आणि जायची. चष्मेवाले मात्र पुन्हा शनिवारचे झाले.

लग्न पार पडल्यानंतरच्या शनिवारी दोघं समोरासमोर बसले. चष्मेवाले बराच वेळ घोड्यावर बोट ठेवून होते.

"काय हो," शेवटी ते म्हणाले, "नवे व्याही बुद्धिबळ खेळतात का?"

"पत्ते खेळतात," छापखानेवाले म्हणाले. "तेही हरले की चिडतात."

"मग काय उपयोग," असं म्हणून चष्मेवाल्यांनी घोडा पुढे केला.