थोरल्या दिरासमोर एक पाय

आनंदीबाईचे पाय बघायचे तर ते बांधावर बघावेत. कर्जतजवळ कोंडाणे लेण्यांच्या डोंगराखाली तिची भाताची खाचरं, एकाखाली एक उतरत गेलेली. मधले बांध वीतभर रुंद. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला चिखल, डोक्यावर आवणाचा, लावणीच्या रोपांचा, भारा, आणि बाई अशी चालायची की जशी काही लग्नाला निघालीय. सून सुप्रिया माहेरी सिमेंटच्या रस्त्यावर वाढलेली. ती मागून बसत, सरपटत यायची आणि म्हातारी पुढून हसायची, "अगं, बांधाकडं बगू नको, तो कुठं पळून जात नाय. समोर बग."

नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर एकट्या पोराचं नाव तिनंच चढवायला लावलं. कागदावर बाईचं नाव कशाला, राबायला मी हाय की, असं म्हणाली होती. आपल्याकडच्या बाया असंच म्हणतात आणि पुढं जन्मभर स्वतःच्या जमिनीवर पाहुण्यासारख्या राहतात.

तिचा थोरला दीर हिरामण. त्यानं वरचा माळ बंगले बांधणाऱ्या पार्टीला विकला होता. माळावर जायला रस्ता नव्हता, आणि रस्ता काढायचा तर तो आनंदीबाईच्या खाचरांतूनच निघत होता. हिरामण पुतण्याच्या मागं लागला. पुतण्याचं नाव नवीन, खालापूरकडच्या एका कंपनीत कामाला, तो आईच्या मागं लागला. रोज जेवताना तेच. शेवटी एक दिवस तिनं भाकरी तव्यावर टाकता टाकता सांगितलं, "माजे पाय चालतायत तवर खाचरं माजी. पाय थकले का मग तू जाण नि तुजा चुलता जाणे. मी तोंड उघडणार नाय."

"शब्द?"

"शब्द."

नवीन तेवढ्यावर गप्प झाला. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर परवडलं असतं.

हिवाळ्यात गावात गाडी आली. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेतले लोक. म्हातारी माणसं कशी चालतात, तोल कसा सांभाळतात, का पडतात, याचा अभ्यास करायचा होता त्यांना. हिरामणनं मारुतीच्या देवळासमोरचा हॉल उघडून दिला. फरशीवर लांबलचक काळी चटई अंथरली. तिच्यावर पाय पडला की लॅपटॉपमध्ये उमटायचा. कमरेला पट्टा, पट्ट्यात काड्यापेटीएवढं यंत्र. पट्टे बांधायला नाजनीन नावाची पोरगी होती, कर्जत बाजारातल्या कापडवाल्यांची. शिकायला बाहेर गेलेली आणि अभ्यासासाठी परत इकडंच आलेली. लॅपटॉपपुढं सर. सर भले होते. सगळ्यांना काकी, मावशी म्हणत होते. फक्त त्यांनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही.

वर केली असती तर दिसलं असतं. चटईच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांत गावातले सगळे मोठे पुरुष चहा पीत बसलेले. मधोमध हिरामण.

आता हे कुणाला सांगायला लागू नये, पण सांगतो. आमच्याकडं थोरला दीर बसला असेल तर बाई त्याच्यासमोरून ताठ मानेनं जात नाही. भिंतीच्या कडेनं, डोक्यावर पदर, नजर खाली, लहान लहान पावलं टाकत, आवाज न करता जाते. दीर तिच्याशी सरळ बोलत नाही, तीही नाही. लग्न होऊन आल्यापासून आनंदीबाई आणि हिरामण यांच्यात एक शब्द थेट झालेला नव्हता. काही सांगायचं असलं तर तो नवीनकरवी सांगायचा, "तुज्या आयशीला सांग."

पुरुष चालले ते रुबाबात चालले. हिरामण तर मिशीला पीळ देत गेला. खुर्च्यांतून हाक आली, "अरं, बगा बगा, हिरामणशेट वरातीत निगालं!" हशा झाला.

मग बाया. पारू गेली, जैतूची आई गेली, आनंदीबाई गेली. सगळ्या पदर ओढून, चटईच्या कडेकडेनं, चिमणीसारख्या. आणि मग नाजनीन म्हणाली, "काकी, आता एक पाय वर उचलून उभ्या राहा. जितका वेळ जमेल तितका."

आनंदीबाईला आधी थट्टाच वाटली. भावजींसमोर? लुगडं नेसलेली बाई, टांग वर करून? तिनं नुसती टाच उचलली आणि लगेच टेकली.

"काकी, पूर्ण उचला ना."

"नाय जमत," ती पदराआडून म्हणाली.

यंत्रानं ते तसंच लिहून घेतलं. नाय जमत.

काही दिवसांनी घरोघर रंगीत कागद आले. पुरुषांचे बहुतेक हिरवे. बायांचे सगळे लाल. लाल म्हणजे पडण्याचा धोका फार, चढउतारावर व ओल्या जमिनीवर एकटं जाऊ देऊ नये. ज्या बाया रोज डोंगरावरून लाकडाची मोळी घेऊन उतरत होत्या त्या लाल, आणि जे पारावरून उठून देवळापर्यंत जाताना दम घेत होते ते हिरवे.

नवीननं कागद वाचला आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आये, तू मला बोलली का नायस? पाय असे झाले नि बांधावर जात्येस? पडलीस म्हंजे?"

"मला काय झालंय?"

"मशीननं दाखवलंय हे. मी नाय सांगत."

"मशीनला काय ठाव! भावजी बसलेलं तिथं."

"काका बसल्यानं पाय थकतात काय तुजे? शब्द दिलेलास, आये."

दुसऱ्या दिवशी हिरामण ओट्यावर आला आणि दाराकडं पाठ करून म्हणाला, "नवीन, तुज्या आयशीला सांग, आता आराम कर म्हणावं. लई राबली."

आनंदीबाईनं सुनेला बरोबर घेतलं आणि टमटमनं कर्जत गाठलं. तिथल्या एका कार्यालयात त्या लोकांचं शिबिर चालू होतं. नाजनीननं तिला दुरूनच ओळखलं.

"पोरी, मला परत चालव. तिथं माजा थोरला दीर बसलेला समोर. मी कशी चालणार? नि टांग कशी वर करणार?"

नाजनीनच्या हातातला पट्टा तसाच राहिला. तिची आजी सासऱ्यांच्या खोलीवरून जाताना चपला हातात घ्यायची, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. "काकी, मला दिसत होतं हो," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही लाजताय."

"मग बोलली का नायस?"

पोरीनं पट्टा खाली ठेवला. ती धावत सरांकडं गेली. सरांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! हे फार इंटरेस्टिंग आहे. या काकी, चालून दाखवा."

सुप्रियानं दारातल्या पुरुषांना बाहेर काढलं. आनंदीबाईनं पदर कमरेला खोचला आणि चटईवरून अशी गेली की जणू पाऊस डोक्यावर आलाय आणि लावणी राहिलीय. मग एक पाय उचलून उभी राहिली. बगळ्यासारखी. सर घड्याळ बघत राहिले, शेवटी तेच म्हणाले, "बास, काकी, बास." टाळ्या झाल्या. फोटो झाला.

"आता हिरवा कागद द्या," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. "काकी, तसं देता येत नाही. तुमच्या गावाची माहिती बंद झाली, पुढं गेली. एकीचीच बदलली तर सगळा अभ्यास बिघडतो. पण हे तुम्ही सांगितलंत ना, यावर आम्ही वेगळा अभ्यास करणार. तुमच्यामुळे."

"नि माजी खाचरं?"

"म्हणजे?"

सुप्रियानं सांगितलं. सर हळहळले. तो कागद आम्ही फक्त माहितीसाठी देतो, त्यावर कुणी जमिनीचा निर्णय घ्यावा असं आम्ही म्हणत नाही, असं म्हणाले. नाजनीननं तिच्या वहीच्या पानावर चार ओळी लिहून सही करून दिली. सही शिकाऊ पोरीची. शिक्का नव्हता. नवीननं ती घरी वाचली आणि घडी घालून परत दिली. "आये, ती पोरगी तुज्यावर दया करून लिव्हत्ये. तुला कळत कसं नाय?"

पावसाआधी, भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या दिवसांत जेसीबी आला. आनंदीबाई मागच्या अंगणात शेणी रचत होती. आवाज ऐकून ती तशीच निघाली. खालचे बांध गेले होते. लाल माती पसरून सगळं त्या चटईसारखं सपाट झालं होतं. वरचा एकच बांध शिल्लक होता. ती त्याच्यावर चढली. डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला.

खाली हिरामण उभा होता, नवीन होता, चार माणसं होती.

"भावजी!" तिनं हाक मारली. सगळा जन्म गेल्यावर पहिली. "इकडं बगा. मोजा!"

आणि तिनं एक पाय वर उचलला.

हिरामणनं झटकन पाठ फिरवली, साप दिसल्यासारखी. ती चार माणसंही वळली. एकजण जमिनीकडं बघत तंबाखू मळायला लागला. जेसीबीवाला परमुलखातला, त्याला काही कळेना, त्यानं बकेट अर्ध्यात धरली. म्हातारी बांधावर एका पायावर उभी होती, हलत नव्हती, डुलत नव्हती. आणि ज्यानं बघायला हवं होतं त्यानं आपली अब्रू सांभाळत डोंगराकडं तोंड केलं होतं.

नवीन धावत वर आला. "आये, उतर! लोक बगतायत."

"कोण बगतंय? कोणीच बगत नाय रं!"

"उतर म्हणतो ना!" त्यानं तिचा दंड धरला आणि ओढला.

तेव्हा तिचा तोल गेला. दोघंही मातीत आले, तो खाली, ती त्याच्या अंगावर.

"लागलं काय गं तुला?" नवीन रडवेला होऊन तिचे पाय चाचपायला लागला. तिनं त्याचा हात झटकला.

हिरामण अजून पाठमोराच होता. "नवीन," त्यानं विचारलं, "पडली का रं ती?"

नवीननं आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं टक लावून बघत होती. आता हा काय बोलतो, एवढंच तिला बघायचं राहिलं होतं.

"पडली, काका."

"तरी सांगत होतो," हिरामण म्हणाला आणि जेसीबीवाल्याला हात केला.