शाळेच्या माळावरची मशक

मित्रांनो, मी एक जुनी मशक आहे. बकऱ्याच्या कातड्याची, पाठीवरून पाणी वाहण्यासाठी केलेली. भोरच्या नूरुद्दीनभाईंनी मला आपल्या हातांनी शिवलं आणि तेल पाजून मऊ केलं. रोज सकाळी नीरा नदीवर मला भरायचं आणि घरोघरचे रांजण भरायचे, हे आमचं काम.

गावाच्या कडेला माळावर शाळा होती. आसपास एक झाड नव्हतं. मधल्या सुट्टीत मुलं भिंतीच्या वीतभर सावलीत दाटीवाटीनं उभी राहायची. एका पावसाळ्यात गुरुजींनी हाक दिली आणि गाव धावून आलं. कुणी पहारी आणल्या, कुणी शेणखत, कुणी आंबा, जांभूळ, करंजाची रोपं. शाळेशेजारच्या सगुणाबाईंनी बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. शेवटी सगळ्यांना गूळ वाटला.

दिवाळीनंतर जमीन भेगाळू लागली. तेव्हा कुणी न सांगता नूरुद्दीनभाई दिवसाची शेवटची खेप शाळेवर नेऊ लागले. माझं तोंड सैल करून ते रोपांच्या बुडाशी हलकेच पाणी सोडत. गुरुजी चारचौघांत म्हणाले, "भाई, ही झाडं तुमची." मला केवढा अभिमान वाटला!

चैत्रात नदीच्या शेवाळलेल्या पायरीवरून भाई घसरले. पाय मोडला. खाटेवरूनच त्यांनी आपल्या पत्नीला, खुर्शिदाबींना, गावाला रोपांच्या पाण्याचं सांगायला शाळेकडे धाडलं.

परत येऊन त्या म्हणाल्या, "समदी व्हय म्हनली. घरटी एक घागर घालतो म्हनली."

"मग काळजी न्हाई," म्हणून भाईंनी डोळे मिटले. मी खुंटीवर कोरडी लोंबकळत राहिले.

काठी टेकत ते पुन्हा शाळेत गेले, तेव्हा सवयीनं त्यांनी मला खांद्यावर टाकलं होतं. माळावर वाळक्या काटक्या उभ्या होत्या. एक करंज तेवढा हिरवा होता.

"कुनीच पानी घातलं न्हाई?" भाईंनी विचारलं.

गुरुजींची मान खाली गेली. "ज्याला त्याला वाटलं, शेजाऱ्यानं घातलं असेल. मलाही तसंच वाटलं."

सगुणाबाई पुढं आल्या. "म्या एकच जगवलं, भाई. भांडी घासल्याचं पानी तेवढंच उरायचं."

भाई रागावले नाहीत. खाली बसून त्यांनी जांभळाची एक काटकी ओढली, तर ती मुळासकट वर आली.

पुढच्या पावसाळ्यात गाव पुन्हा पहारी घेऊन आलं. खड्डेही खणून झाले. तेव्हा भाई म्हणाले, "माजा पाय आता नदीचा चढ चढत न्हाई. उन्हाळ्यात पानी कोन घालनार, ते आदी ठरवा."

एकेक माणूस पांगला. खड्ड्यांत गवत माजलं.

काही वर्षांनी भाई वारले. खुर्शिदाबींनी मला शाळेच्या पडवीत टांगायला दिलं. तेलपाण्यावाचून माझं कातडं तडकलं आहे. इथून मला सगळं दिसतं. करंजाच्या सावलीत मावतील तेवढी मुलं बसतात. बाकीची डोक्यावर पाटी धरून उन्हात उभी राहतात.

मित्रांनो, रोप लावायला सारं गाव येतं. पाणी घालायला मात्र तुम्हीच जा, शेजाऱ्याची वाट पाहू नका. माझ्यात आता थेंबही ठरत नाही. पण तुमच्या घरी एखादा तांब्या तरी असेलच ना?